दाखल्यापुरता डॉक्टर नको

भातकापणी आटोपली की नागोठण्याकडच्या माणसाला बैलगाडी शर्यतींचे वेध लागतात. अलिबागचे किनारे इथून काही लांब नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शर्यतींवर बंदी घातली. २०१७ साली राज्याने कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. पण ही परवानगी अटींवर आहे. बैल धावण्यास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. गुरे गाडीत चढवण्याआधीही दाखला हवा, असे १९७८ चे नियम सांगतात.

आता सांगा, सही-शिक्का झाला की गुरांच्या डॉक्टरचे काम संपले का? शर्यतीत लंगडा झालेला बैल, आर टोचून झालेली जखम, महामार्गावर गाडीने उडवलेली मोकाट गाय, हे सारे त्याच्याच पुढ्यात येते. आणि १९६० च्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये! एवढ्याला कोण भितो?

दंड वाढवा, नियम कडक करा, हे सरकारला पुराव्यानिशी सांगू शकतात ते डॉक्टरच. त्यांनी जखमांची नोंद ठेवावी, संघटनेमार्फत मंत्रालयात मांडावी, ग्रामसभेतही बोलावे. "साहेब, तेवढी सही करून टाका" असा आग्रह न धरणे, हे मात्र आपले काम. बैल मुका आहेच. त्याचा डॉक्टरही गप्प बसला, तर गाऱ्हाणे घालायचे कोणी?