विश्लेषण : मरणाऱ्या पात्राला वाचवणारे ‘२०’चे दान खरेच असायला का हवे?

लढाईत पात्र कोसळलेले असते, दोन दाने विरोधात गेलेली असतात आणि तिसरेही गेले तर मृत्यू अटळ असतो. अशा वेळी खेळाडू फासा टाकतो, थेट २० पडतात आणि टेबलाभोवती एकच जल्लोष होतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणारे गट असे किस्से वर्षानुवर्षे सांगतात. मात्र या आनंदाला एक अट आहे. ते दान उलटही पडू शकत होते, याची सगळ्यांना खात्री हवी. अनेक टेबलांवर हीच अट गुपचूप मोडली जाते, तीही चांगल्या हेतूने.

खेळ काय आहे?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आणला. प्रत्येक खेळाडू एक पात्र साकारतो. ‘डंजन मास्टर’ गोष्ट पुढे नेतो आणि शत्रूंच्या वतीने खेळतो. काय करायचे हे खेळाडू ठरवतो, पण ते जमले की नाही हे बहुतेक वेळा वीस बाजूंचा फासा ठरवतो.

मृत्यूचा नियम काय?

सुरुवातीच्या नियमांत पात्राचे ‘हिट पॉइंट’ शून्यावर आले की खेळ संपला. पुढे नियम सौम्य होत गेले. २०१४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीनुसार शून्यावर आलेले पात्र सहसा बेशुद्ध पडते आणि आपल्या प्रत्येक पाळीला ‘डेथ सेव्हिंग थ्रो’ टाकते. १० किंवा जास्त पडले तर यश, कमी पडले तर अपयश. तीन यशे मिळाली की प्रकृती स्थिर होते, तीन अपयशे आली की मृत्यू. १ पडला तर दोन अपयशे धरली जातात. २० पडले तर पात्र एका हिट पॉइंटसह तत्काळ शुद्धीवर येते.

गणित काय सांगते?

कुणी मदत केली नाही आणि नवा घावही बसला नाही, तर पात्र वाचण्याची शक्यता सुमारे ५९.५ टक्के असते. एकही यश नसताना दोन अपयशे पदरी पडली, की ती सुमारे २१ टक्क्यांवर घसरते. त्या क्षणी २० पडण्याची शक्यता फक्त ५ टक्के. जल्लोष होतो तो याच आकड्यामुळे. मास्टर वाचवणारच, हे आधीच ठाऊक असेल तर शक्यता १०० टक्के होते आणि फासा टाकणे हा नुसता उपचार उरतो.

आडोशामागे काय घडते?

डेथ सेव्ह खेळाडू स्वतः टाकतो, पण शत्रूचे फासे मास्टर बहुधा पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकतो. बेशुद्ध पात्रावर जवळून घाव बसला तर एकदम दोन अपयशे धरली जातात. तिथे १८ पडले असताना ‘वार हुकला’ म्हणणे सोपे असते. पात्र वाचते, खेळाडू खूश होतो. पण हे एकदा लक्षात आले की आधीच्या प्रत्येक सुटकेवर संशय येतो. हेतू कितीही प्रेमळ असला, तरी अखेर तो शकुनीचाच फासा.

मास्टरला तो अधिकार नाही का?

आहे, आणि तो खुद्द गायगॅक्स यांनी दिला. १९७९ च्या मास्टरसाठीच्या मार्गदर्शक पुस्तकात त्यांनी फाशाचा निकाल बदलण्याची मुभा ठेवली. खेळाडूने सगळे योग्य केले आणि तरीही केवळ एका विचित्र दानाने घात केला, तर मृत्यूऐवजी दुसरी शिक्षा देता येईल, असे त्यांनी म्हटले होते. वर्षभर जपलेले पात्र एका दानात जाणे क्लेशदायक असते, हे खरेच. पण ही सूट सर्वांसमोर देता येते. लपवून दिली की ती फसवणूक ठरते.

मग पात्र मरू द्यायचे?

दयेची सोय नियमांतच आहे. सोबती उपचाराचा मंत्र किंवा औषध देऊ शकतो, जखम बांधून प्रकृती स्थिर करू शकतो. ‘रिव्हिव्हिफाय’ हा मंत्र मृत्यूनंतर मिनिटभराच्या आत पात्राला परत आणतो. त्यासाठी ३०० सुवर्णनाण्यांच्या किमतीचे हिरे मात्र खर्ची पडतात. यात जीव वाचवण्याचे श्रेय खेळाडूंकडेच राहते.

एवढ्यानेही भागत नसेल, तर पहिल्याच बैठकीत ‘खेळाडूच्या संमतीशिवाय पात्र मरणार नाही’ असे ठरवता येते. त्यात कमीपणा काहीच नाही. ‘बाल्डर्स गेट ३’ या २०२३ च्या व्हिडिओ गेममध्ये जुना सेव्ह उघडून वाईट दान पुसता येते. ज्यांना ते नको, त्यांच्यासाठी एकाच सेव्हचा ‘ऑनर मोड’ आहे. कोणत्या नियमाने खेळतोय, हे दोघांनाही आधीच माहीत असते.

‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या २०१६ मधील पहिल्याच भागात विलचा फासा टेबलावरून खाली घरंगळतो आणि ७ पडतात. मास्टर असलेल्या माइकने ते पाहिलेले नसते, म्हणून ते धरायचे नाही, असे एक मित्र सुचवतो. घरी निघताना विल मात्र माइकला खरे दान सांगून टाकतो. ही मुले पुढच्या डावात एकमेकांच्या दानावर विश्वास ठेवू शकतात ते यामुळेच.

त्यामुळे नियम बदलायचा असेल तर फासा टाकण्याआधी, सर्वांना सांगून बदलावा. पात्राचा जीव पणाला लागलेला असेल तेव्हा आडोसा बाजूला करावा आणि दान टेबलाच्या मधोमध पडू द्यावे. काही पात्रे जातील. पण जी वाचतील, त्यांचा किस्सा सांगताना कुणाच्याही मनात शंका राहणार नाही.