एवढ्याशा जिवालाही कळतं!

परवा लसीकरणाच्या दिवशी आम्ही वस्तीजवळच्या दवाखान्यात बसलो होतो. ओळखीतलीच एक सून दीड महिन्याच्या लेकीला घेऊन आली होती. सिस्टर म्हणाल्या, "बाळ द्या इकडे अन् तुम्ही बाहेर थांबा. तुम्हाला बघवायचं नाही." आत लेकीने टाहो फोडला, बाहेर आईच्या डोळ्यांना धार लागली. शेजारी बसलेल्या आजी समजूत घालू लागल्या, "रडू नको गं. एवढ्याशा जिवाला काय कळतंय? घटकाभरात विसरेल."

आजी मायेनेच बोलल्या. पण ते खरे नाही. आणि ही चूक एकट्या आजींची नाही, मोठमोठ्या डॉक्टरांचीही होती.

1985 साली अमेरिकेत अपुऱ्या दिवसांच्या एका बाळावर शस्त्रक्रिया झाली. हालचाल थांबवणारे औषध दिले, वेदना थांबवणारे दिले नाही. बाळ गेल्यावर आईला हे कळले आणि तिने आवाज उठवला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला मूळचे भारतातले डॉ. कंवलजीत सिंग आनंद संशोधन करीत होते. शस्त्रक्रियेच्या वेळी वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावर ताण कमी पडतो आणि नंतरचा त्रासही कमी होतो, हे त्यांनी 1987 साली दाखवून दिले. तेव्हा कुठे जगाने मान्य केले की नवजात बाळालाही दुखते.

ज्याला बोलता येत नाही, त्याला दुखतच नाही, असे बोलणाऱ्यांनी ठरवून टाकायचे, ही रीत आपल्या समाजाला नवी नाही. तथागतांनी दुःख आहे हेच पहिले सत्य सांगितले. आधी दुःख मान्य करायचे, मगच उपाय सापडतो.

बाळाचे दुखणे चेहऱ्यावर दिसते. भुवया आक्रसतात, डोळे घट्ट मिटतात, मुठी आवळल्या जातात. सुईच्या वेळी यावर जो उपाय आहे त्याला पैसा लागत नाही. तो उपाय म्हणजे आई.

सुई टोचण्याआधी बाळाला अंगावर घ्या. ते नीट ओढून पिऊ लागले की मग सुई द्यायला सांगा आणि नंतरही पिऊ द्या. दुधाची गोडी, चोखणे आणि आईची ऊब या तिन्हींमुळे बाळ कमी रडते. चारचौघांत संकोच वाटत असेल तर पदर घ्या, नाहीतर सुईच्या अगदी आधी पाजून बाळाला उराशी धरा. टेबलावर उताणे निजवण्यापेक्षा मांडीवर घेतलेले बरे. तोंडातले थेंब आधी, सुया नंतर आणि जास्त दुखणारी सुई सर्वांत शेवटी. टोचलेली जागा चोळू नका. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली लसीकरणासाठी अशाच सूचना दिल्या आहेत.

कावीळ तपासायला बाळाच्या टाचेतून रक्त घेतात, तेव्हाही हेच करावे. पाजणे शक्य नसेल तर लंगोटावरच्या बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून दुपटे पांघरावे. दहा-पंधरा मिनिटे आधीच ठेवले तर उत्तम. कोलंबिया देशातील बोगोटा शहरात 1978 च्या सुमारास कमी वजनाच्या बाळांसाठी ही पद्धत सुरू झाली. आई बाळंतपणाने थकली असेल तर बापाची छातीही चालते. बंधूंनो, हे तुमचेही काम आहे!

रुग्णालयात कधी कधी सुईपूर्वी बाळाच्या जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब देतात. ते डॉक्टरांचे काम. त्याचे माप ठरलेले असते. घरी साखरपाणी, गुटी काही देऊ नये. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला मुळीच नको, त्यातून जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. हेही ध्यानात ठेवा की हे उपाय सुईपुरते आहेत. शस्त्रक्रिया असेल तर भूल आणि वेदनाशामक लागतेच. त्याबद्दल डॉक्टरांना विचारायला कचरू नका.

आणि रडते म्हणून डोस चुकवू नका. सुईचे दुखणे घटकेचे असते, घटसर्प किंवा धनुर्वात बाळाचा जीव घेतो.

1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या सवलतीच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आई बाळाजवळ असणे ही चैन नव्हे, हे त्यांनी जाणले होते. मग दवाखान्याच्या दाराशी आपणच का थांबावे? भांडायचे नाही, पण स्पष्ट म्हणायचे, "सिस्टर, मी बाळाला मांडीवर घेते, पाजता पाजता टोचा." सिस्टरांनाही ते सोयीचेच, बाळ शांत तर हात स्थिर.

त्या सुनेला आम्ही हे सगळे सांगितले. पुढचा डोस अडीच महिन्यांचा. "आता मी बाहेर थांबणार नाही," ती म्हणाली. आजी जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "जा, मीही येते संगं."

जयभीम!