मुलीचा लॅपटॉप: कधी, कुठून आणि कुणाच्या नावावर?

निकाल लागतात, प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात आणि मी शिकवते त्या महाविद्यालयात पालकांचा एक प्रश्न हमखास येतो. ‘मॅडम, लॅपटॉप आत्ताच घ्यावा, की दिवाळीच्या सेलपर्यंत थांबावं?’ मुलासाठी विचारलेला असतो तेव्हा हा प्रश्न पैशांचा असतो. मुलीसाठी विचारलेला असतो तेव्हा ‘दिवाळीपर्यंत’ या शब्दाचा अर्थ पुष्कळदा ‘जमलं तर’ असा होतो. मग पुढची वाक्यं ठरलेली असतात. तिच्याकडे मोबाइल आहेच. भावाचा जुना पडला आहे. पुढे शिकणार आहे की नाही, ते तरी बघू.

तलाक, पोटगी, बहुपत्नीत्व अशा प्रश्नांवर लिहिणाऱ्या नियतकालिकात लॅपटॉपच्या खरेदीवर लेख कशाला, असं काही वाचकांना वाटेल. पण कायद्याने मिळालेला हक्क वापरायला बाईच्या पायाखाली कमाईची जमीन लागते. एकतर्फी तोंडी तलाक सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली अवैध ठरवला, 2019 साली कायदाही आला. तरी ज्या मुलीच्या हातात शिक्षण नाही, काम नाही, तिला वकिलाच्या दारापर्यंत जाणंही अवघडच असतं. आजच्या शिक्षणाचं आणि बऱ्याचशा कामाचं साधन लॅपटॉप आहे. म्हणून तो कधी, कुठून आणि कुणाच्या नावावर घ्यायचा हा घरचा व्यवहार आहे, तसाच समाजाचाही प्रश्न आहे.

थांबण्याची किंमत

आधी सेलचा हिशेब करू. समजा 45,000 रुपयांचा लॅपटॉप दिवाळीत 41,000 ला मिळणार आहे. वाचले 4,000. चार वर्षांच्या पदवीचे 48 महिने धरले तर ही बचत महिन्याला 83 रुपये पडते. दुसऱ्या पारड्यात काय आहे? दिवाळी येते तोवर पहिल्या सत्राचा बराचसा अभ्यासक्रम संपलेला असतो आणि परीक्षा तोंडावर असते. ज्या मुलीने प्रोग्रॅमिंगचा सराव फक्त प्रयोगशाळेच्या तासाला केला, तीही एका यंत्रावर दोघी-तिघी बसून, ती त्या परीक्षेत मागे राहते. मग घरात कुणीतरी म्हणतं, ‘तिला झेपत नाही.’ तिला झेपत नव्हतं, की तिच्याकडे साधन नव्हतं, हे कुणी तपासत नाही.

शिवाय सेलमधली मोठी सूट बहुतेक वेळा ठरावीक बँकांच्या क्रेडिट कार्डावर असते. ज्या घरात असं कार्ड नाही, त्याच्यासाठी जाहिरातीतली किंमत आणि प्रत्यक्षातली किंमत वेगळी. थांबलं की भाव उतरतोच, हेही खरं नाही. 2025 च्या अखेरीस मेमरी चिपचे भाव जगभर चढले आणि संगणकांच्या किमतींवर त्याचा दाब आला.

माझं उत्तर म्हणून ठरलेलं आहे. प्रवेश पक्का झाला की वर्ग सुरू होण्याआधी घ्या. जून ते ऑगस्टमध्ये अनेक कंपन्या विद्यार्थ्यांसाठी सवलती देतात, 15 ऑगस्टच्या आसपासही देतात. त्यात बसलं तर उत्तम, नाही बसलं तरी घ्या.

‘मोबाइल पुरतो’ हा युक्तिवाद एकदाच मोडून काढू. मोबाइलवर व्याख्यान ऐकता येतं, फॉर्म भरता येतो. वीस पानांचा प्रकल्प अहवाल, एक्सेलचा ताळा, कोड, ड्रॉइंग, ही कामं मोबाइलवर होत नाहीत. झाली तर डोळे आणि मनगट यांची वाट लावून होतात. मुलाला इंजिनिअरिंगला घालताना हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

कुठून घ्यायचा

नवीन घ्यायचा तर ऑनलाइन की दुकानातून? दोन्हीकडे चांगला माल आहे, दोन्हीकडे फसवणूकही आहे. मी तीन गोष्टी पाहायला सांगते. पहिली, पक्कं बिल. लॅपटॉपवर 18 टक्के जीएसटी आहे. ‘बिल नको म्हणालात तर कमी करतो’ असं कुणी म्हटलं की ती सूट तुमच्याच हक्कांतून कापलेली असते. बिल नसेल तर वॉरंटीचा वाद उभा राहिल्यावर हातात काही उरत नाही. दुसरी, डब्यावरचा आणि यंत्राच्या तळावरचा अनुक्रमांक एकच आहे का, आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकाची वॉरंटी कधीपासून दिसते. तिसरी, आपल्या शहरात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी त्या कंपनीचं सेवाकेंद्र आहे का. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हजार-दोन हजार कमी पडतील, पण परभणी किंवा मालेगावच्या मुलीने की-बोर्ड बिघडल्यावर मुंबईला चकरा मारायच्या का? घरचे एकटीला पाठवणार आहेत का? त्यापेक्षा गावातला माहीतगार दुकानदार दोन पैसे जास्त घेईना का.

पैसे कमी असतील तर जुना, दुरुस्त करून विकलेला लॅपटॉप घ्यायला लाजू नये. कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढलेली यंत्रं मजबूत असतात आणि नव्याच्या निम्म्या किमतीतही मिळू शकतात. मात्र इथे ‘आय-सेव्हन’ या अक्षरांवर भाळू नका. विंडोज 10 ची नियमित सुरक्षा-सेवा 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. विंडोज 11 अधिकृतपणे चालायला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. सहाव्या-सातव्या पिढीचा आय-सेव्हन स्वस्तात गळ्यात मारला जातो तो म्हणूनच. त्यापेक्षा दहाव्या पिढीचा आय-फाइव्ह पुष्कळ बरा. रॅम 8 जीबी तरी हवी, 16 असेल तर चार वर्षं निश्चिंती. साठवणीसाठी एसएसडीच हवी. बॅटरीची मूळ क्षमता किती होती आणि आज किती उरली, याचा अहवाल विंडोजमध्येच काढता येतो. दुकानदाराला समोर काढून दाखवायला सांगा. जो दाखवत नाही त्याच्या दुकानातून उठा.

फसगत झालीच तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. विक्रेता बंगळुरूचा असला तरी फरक पडत नाही. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कही नाही. आपले लोक ‘जाऊ दे, नसीब’ म्हणून सोडून देतात. पक्कं बिल हातात असताना नसिबाला मध्ये आणायचं कारण नाही.

हप्ते आणि व्याज

आता नाजूक मुद्दा. पुष्कळ घरं व्याजाचं कर्ज नको म्हणून थांबतात. त्यांच्या श्रद्धेचा मी आदर करते. पण ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे बिनव्याजी, या समजुतीने जे हप्ते घेतात त्यांनी बिल नीट वाचावं. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावलं होतं. तेव्हापासून होतं असं की बँक व्याज लावते आणि तेवढीच रक्कम विक्रेता सूट म्हणून किमतीतून वळती करतो. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यात व्याज 2,500 रुपये धरलं असेल, तर त्यावर 18 टक्के जीएसटीचे 450 रुपये तुमच्या खिशातून जातात. प्रक्रिया शुल्क वेगळं. रोखीने मिळाली असती ती सूटही अनेकदा हातची जाते.

म्हणजे हप्ता घेणाऱ्याने तो व्याजाचा व्यवहार आहे हे जाणून घ्यावा, आणि न घेणाऱ्याला दुसरी वाट मिळावी. ती वाट आपल्या परंपरेत आहे. तिला कर्ज-ए-हसना म्हणतात, बिनव्याजी कर्ज. आपण त्याचे गुण भाषणात गातो. मोहल्ल्यातल्या दहा मुलींना प्रत्येकी 40,000 रुपये द्यायचे तर 4 लाख लागतात, आणि ते दोन वर्षांत परत येऊन पुढच्या दहा जणींना मिळतात. एका मध्यम लग्नाच्या जेवणावळीत एवढा पैसा एका संध्याकाळी संपतो. ज्या समाजाला व्याज हराम वाटतं, त्याने बिनव्याजी पैसा उभा करण्याची जबाबदारीही उचलली पाहिजे. नुसतं ‘घेऊ नका’ सांगणं सोपं आहे, त्याची किंमत मात्र ती मुलगी मोजते.

जकातचं वेळापत्रक

सरकारकडून हक्काचं मागत राहायलाच हवं. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्राने 2022 मध्ये बंद केली. अल्पसंख्याकांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्तीही त्याच वर्षी थांबली. महाराष्ट्रात 2024-25 पासून वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. बागवान, तांबोळी, पिंजारी अशा ओबीसी यादीतल्या कुटुंबांनी याचा लाभ घ्यावा. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर वेळेत काढून ठेवावा. पण फी माफ झाली म्हणून लॅपटॉप येत नाही.

इथे जमातींनी आपल्याच घरात डोकावावं. आपल्याकडे जकात मुख्यतः रमजानमध्ये निघते. 2026 चा रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, आणि तो दर वर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतो. प्रवेश मात्र जून ते ऑगस्टमध्येच होतात. मुलीला गरज पडते तेव्हा जमातीची पेटी रिकामी झालेली असते. उपाय अवघड नाही. रमजानमध्येच बारावीत शिकणाऱ्या आणि जकातीस पात्र असणाऱ्या मुलींची यादी करावी, त्यांच्या वाट्याची रक्कम ठरवून त्यांच्याच खात्यात जमा करावी, म्हणजे प्रवेशाच्या वेळी ती त्यांच्या हाताशी असेल.

एक फरक ध्यानात ठेवावा लागेल. हनफी फिकहनुसार जकात घेणाऱ्याच्या मालकीची व्हावी लागते. त्यामुळे जकातीच्या पैशातून घेतलेला लॅपटॉप त्या मुलीचाच झाला पाहिजे. मदरशाच्या किंवा संस्थेच्या कपाटात तो ठेवता येणार नाही. संस्थेला लॅपटॉपची ग्रंथालयासारखी देवघेव करायची असेल, तर त्यासाठी लिल्लाह किंवा साधी देणगी वापरावी. दोन्ही कामं हवी आहेत. पंधरा-वीस यंत्रं एकत्र घेतली तर दुकानदार भाव कमी करतो आणि वॉरंटीसाठी एकट्या मुलीऐवजी संस्था भांडते.

बिलावर नाव कुणाचं?

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बिल मुलीच्या नावावर करा. लॅपटॉपचा पासवर्ड तिचा असू द्या. ‘घरातला लॅपटॉप’ म्हणून जो येतो तो दिवसभर भावाकडे असतो आणि रात्री अकराला, सगळं आवरून झाल्यावर, तिच्या हाती लागतो. शरियतने बाईची मालमत्ता नवऱ्यापासून आणि बापापासून वेगळी मानली आहे, हे आपण इतरांना मोठ्या अभिमानाने सांगतो. मग 40,000 रुपयांच्या यंत्राबाबत ते पाळायला काय हरकत आहे? बिल, अनुक्रमांक आणि वॉरंटीची कागदं तिच्या फाइलमध्ये ठेवा. निकाहनंतर तो तिच्याबरोबर जाईल. जाईल तो तिचा म्हणून. जहेजच्या यादीत तो कुणी लिहू नये, आणि सासरच्यांनी त्यावर हक्क सांगू नये.

जहेजचा विषय निघालाच आहे तर हेही सांगते. फ्रिज, कपाट, वॉशिंग मशीन यांच्यासाठी मुलगी आठवीत असल्यापासून पैसे साठवणारी घरं मी जवळून पाहते. ती घरं गरीब असतील, पण पैसा उभा करण्याची चिकाटी त्यांच्यात आहे. भिशी लावतात, सोनं मोडतात, नातेवाइकांकडून उसने घेतात. त्याच भिशीचा एक हप्ता बारावीच्या उन्हाळ्यात उचला, एवढीच माझी मागणी आहे. फ्रिज घर थंड ठेवील. पण नवऱ्याची नोकरी गेली, संसार बिघडला किंवा ती एकटी पडली, तर चूल पेटती ठेवायला तिचं शिक्षणच उपयोगी पडेल.

वाचकांपैकी जे जमातीत, ट्रस्टवर, शाळांच्या समित्यांवर आहेत त्यांनी पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. जे फक्त आईबाप आहेत त्यांनी कुणाची वाट पाहू नये. मुलीच्या प्रवेशाची पावती हातात आली की त्याच आठवड्यात तिला बरोबर घेऊन दुकानात जा. प्रश्न तिला विचारू द्या, यंत्र तिला निवडू द्या. पैसे मोजण्यापुरतं पुढे व्हा आणि बिलावर नाव लिहिताना दुकानदाराने तुमचं विचारलं, तर तिचं सांगा.