वारसा मिरवायचा की चालवायचा?

गुलमंडीवर दुकानाच्या पायरीशी बसून जुन्या औरंगाबादच्या गोष्टी सांगणारी माणसे आजही भेटतात. २०२३ मध्ये शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले, पण गोष्टी त्याच आहेत. मलिक अंबरची नहर, पाणचक्की, हिमरूची शाल. आपल्या सभा-संमेलनांतही हीच यादी वाचली जाते. तिला बगदाद आणि कॉर्डोव्हाची जोड दिली की टाळ्या पडतात. टाळ्या थांबल्यावर एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. या यादीतले आपल्याला आज नेमके काय करता येते?

कोणाला कडू लागेल, तरी स्पष्टच सांगतो. पूर्वजांनी किती ज्ञान मिळवले यावर समाज टिकत नाही. ते ज्ञान घराबाहेरच्या माणसालाही शिकता येईल अशी सोय त्याने केली की नाही, यावर टिकतो. अशी सोय करण्यात आपण कमी पडलो आणि ती उणीव अभिमानाच्या शालीखाली झाकून ठेवली.

नहरीचेच पाहा. हबशी गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या आणि पुढे निजामशाहीचा कारभार हाती घेतलेल्या मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. काही वर्षांतच नहर-ए-अंबरी आली. उत्तरेच्या डोंगरपायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखाली गोळा करायचे, निव्वळ उताराच्या बळावर शहरात आणायचे आणि मातीच्या नळांतून हौदाहौदांत खेळवायचे. पाण्याचा दाब सांभाळायला जागोजागी उंच बंबे. पंप नाही, वीज नाही. पुढे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी असेच नळाने आणलेले पाणी उंचावरून पाडून जाते फिरवले गेले, फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी पीठ दळले गेले.

हे सारे चालवायला मिस्त्री लागत. उतार कुठे आहे, जोड कुठे आहे, झाकण कोणत्या भिंतीखाली आहे, हे त्यांना ठाऊक होते. ते गेले आणि ही जाण त्यांच्याबरोबर गेली. मग नहरीवर घरे उठली, तोंडे बुजली, नळ फुटले. सरकारचा आणि पालिकेचा दोष आहेच, तो कोणी लपवू नये. पण ज्यांच्या पायाखालून नहर जात होती त्यांनी तरी तिचा नकाशा घरात जपला का? चारशे वर्षांपूर्वी उतारावर पाणी मिळवलेले हे शहर पुढे सुमारे ५० किलोमीटरवरच्या पैठणहून पंपाने पाणी उपसत राहिले आणि नळ कधी येईल याचे दिवस मोजत राहिले. शहराच्या नावावर दोन्ही बाजूंनी जितके घसे कोरडे झाले, त्याच्या दहावा हिस्साही चर्चा या पाण्यावर झाली नाही.

हिमरूची कथा याहून बोलकी आहे. सूत आणि रेशीम यांच्या या कापडाची नक्षी जुन्या मागावर दोऱ्यांच्या जाल्यात बांधलेली असे. एक कारागीर खाली बसून धोटा फेकी, दुसरा वर बसून ठरल्या क्रमाने दोरे ओढी. कोणता दोरा कधी उचलायचा, हा हिशोब म्हणजेच नक्षी. फ्रान्समधील लिआँ शहरात १८०४ च्या सुमारास जॅकार्डने हाच हिशोब पुठ्ठ्यावर भोके पाडून मांडला. पुठ्ठा कोणालाही वाचता येतो आणि त्याची नक्कल करता येते. पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्रासाठी तीच कल्पना उचलली. १८९० मध्ये अमेरिकेची जनगणना भोके पाडलेल्या कार्डांवर मोजली गेली. संगणकाच्या वंशावळीत विणकराचा माग बसलेला आहे तो असा.

आपले विणकर कमी बुद्धीचे होते काय? मुळीच नाही. दरबारी आश्रय संपला आणि गिरणीचे स्वस्त कापड आले, ही कारणे खरीच आहेत. पण त्यांच्या जोडीला आपली एक रीतही होती. अनेक कारागीर घराण्यांत हुनर बापाकडून मुलाकडेच जाई. मुलगी परक्या घरी जाणार, म्हणून तिच्या वाट्याला कांड्या भरणे येई, नक्षीचे गुपित नाही. अशा घराण्यात उस्ताद गेला की त्याच्याबरोबर एक अख्खे ग्रंथालय कबरीत जाई. हातमागावर अस्सल हिमरू विणणारे आज बोटांवर मोजावे लागतात, ते उगाच नाही.

ज्ञान वाटण्याचा मोठा प्रयोग याच भूमीत झाला होता, हेही विसरू नये. मौलवी अब्दुल हक यांनी सुमारे पाव शतक अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम औरंगाबादेतून चालवले. १९१७ मध्ये हैदराबादेत भाषांतराचे खाते निघाले, १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि गणित, विज्ञान, वैद्यक हे विषय उर्दूतून शिकवले गेले. इंग्रजीशिवाय उच्च शिक्षण देता येते, हे त्याने दाखवून दिले. परंतु मराठवाड्यातील बहुसंख्य माणूस मराठी बोलत होता. त्याच्या दारी ज्ञान आले ते दरबाराच्या भाषेत. जे शेजाऱ्याला आपले वाटले नाही ते १९४८ नंतर सांभाळायला शेजारी धावला नाही.

मग आपण त्यापासून काय शिकलो? आज आपण मराठीत कथा लिहितो, कविता लिहितो, गझल लिहितो. मोटार दुरुस्तीवर, पाण्यावर, वीजजोडणीवर मराठीत किती लिहितो? आपल्या वार्षिकांची अनुक्रमणिका काढून पाहावी.

कोणी म्हणेल, गरिबी आणि भेदभाव यांवर बोला. बोलायलाच हवे. वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवीधर आणि पदविकाधारक ४ टक्क्यांहून कमी आणि एकूण लोकसंख्येत सुमारे ७ टक्के, हे सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितले. पण २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील मुसलमानांची साक्षरता ७८.१ टक्के होती, म्हणजे राज्याच्या ७६.९ टक्क्यांहून किंचित अधिक. अक्षर आपल्या घरी आलेले आहे. अडते ते त्याच्या पुढची पायरी चढताना. ती पायरी कशी बांधायची, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय काढून दाखवले. ज्यांना शतकानुशतके अक्षरही नाकारले होते त्यांच्या मुलांनी तिथून प्राध्यापकी, लेखन आणि प्रशासन गाठले. डॉ. रफिक झकेरिया यांच्या प्रयत्नांनी १९६३ मध्ये मौलाना आझाद महाविद्यालयही इथेच उभे राहिले. म्हणजे वाट अनोळखी नाही.

गुलमंडीच्या आसपासच्या गल्ल्यांत भिंगाखाली मोबाइलचा केसाएवढा जोड सोल्डर करणारी आपली मुले बसलेली आहेत. त्यांना 'पंक्चरवाले' म्हणून हिणवणाऱ्यांना त्यातले काही उमगणार नाही. पण आपणही त्यांना 'शाळा सोडलेली पोरे' एवढेच मानतो. त्यांच्या हातात आहे ते ज्ञानच आहे. त्याला वही नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. पुढचे मॉडेल आले की ते शिळे होते आणि मुलगा पुन्हा शून्यावर येतो.

उपाय अवघड नाहीत. ज्याला हुनर येते त्याने ते सोप्या मराठीत लिहून काढावे, लिहिता येत नसेल तर आपल्या लेखकांनी त्याच्याजवळ बसून लिहून घ्यावे. शादीखाने लग्नसराई सोडून रिकामे असतात, तिथे संध्याकाळी वीज, पाणी आणि संगणक यांचे वर्ग भरावेत. त्या वर्गांत मुलींना पहिल्या रांगेत बसवावे आणि शेजारच्या मोहल्ल्यातील हिंदू, बौद्ध मुलांनाही दार उघडे ठेवावे. पहिल्या वहीतच वाचनाची आज्ञा आणि कलमाचा उल्लेख आहे, हे आपण प्रत्येक व्यासपीठावरून सांगतो. सांगून झाले असेल तर आता कलम उचलावे. आणि पुढच्या संमेलनात मलिक अंबरवर भाषण करणाऱ्याने आधी एवढेच सांगावे, गेल्या वर्षभरात आपण कोणाला काय शिकवले?