खारकच्छाचा तास

शाळेस क्रीडांगण आहे काय, असा एक रकाना सरकारी माहितीपत्रकांत असतो. मुख्य भूमीवर तो रास्तच आहे. पण ज्या लक्षद्वीपाच्या 36 बेटांची जमीन सारी मिळून अवघी 32 चौरस किलोमीटर भरते, ज्यांपैकी 10 बेटांवरच वस्ती आहे आणि 2011 च्या खानेसुमारीप्रमाणे जेथे 64,473 माणसे माड, घरे, मशिदी आणि कचेऱ्या यांच्या दाटीत राहतात, तेथे मोकळ्या जमिनीवरून मुलांच्या व्यायामाचे माप काढणे हा मला त्या मुलांवर अन्याय वाटतो.

कारण निसर्गाने त्यांना बहाल केलेले क्रीडांगण जमिनीवर नाहीच. बेटांभोवतीच्या प्रवाळभित्तीवर समुद्राच्या लाटा फुटून जातात, आणि तिच्या आत जो उथळ, निवांत, तळची वाळू दाखवणारा जलाशय उरतो, त्या खारकच्छाचा विस्तार सुमारे 4,200 चौरस किलोमीटर, म्हणजे जमिनीच्या शंभरपटींहून अधिक आहे. पोहणे, बुडी मारणे, वल्हवणे या विद्या तेथील मुलांना वाडवडिलांकडून मिळत आल्या. मिनिकॉय बेटावर होड्यांच्या शर्यतीत गावे गावांशी ईर्ष्येने झुंजतात. आणि जिवंत आमिष खारकच्छात धरून काठीच्या गळाने ट्यूना पकडण्याची तेथील रीत तर अंगमेहनतीवाचून चालणारीच नव्हे. व्यायाम हा निराळा विषय नव्हता. तो उपजीविकेच्याच पोटात होता.

आता होडीस इंजिन आले, चार पावलांच्या अंतरास दुचाकी आली, हातात मोबाइल आला. जागतिक आरोग्य संघटना मुलांना दररोज सरासरी 60 मिनिटांची दमदार हालचाल आवश्यक मानते, आणि तिच्याच संशोधकांनी 146 देशांतील सुमारे 16 लाख विद्यार्थ्यांची माहिती तपासून 2019 मध्ये काढलेल्या निष्कर्षाप्रमाणे 11 ते 17 वर्षांच्या 81 टक्के मुलांकडून ती घडत नाही. केवळ चहूकडे पाणी आहे म्हणून बेटावरची मुले या ओघातून सुटतील, अशी आशा मला धरवत नाही.

म्हणून पोहणे आणि वल्हवणे हे शाळेच्या वेळापत्रकात रीतसर तास म्हणून दाखल व्हावे, जीवरक्षकांची व होड्यांची तजवीज अंदाजपत्रकातच व्हावी, आणि पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना खेळता यावे म्हणून प्रत्येक वस्तीच्या बेटावर एखादे साधे, छप्पर असलेले क्रीडागृह उभे राहावे. ज्या प्रवाळभित्तीच्या आधाराने हे पाणी शांत राहते, तिच्यावरील प्रवाळ 1998, 2010 आणि 2016 साली सागराच्या उष्म्याने पांढरा पडला. तिचे रक्षण हे शिक्षणखात्यानेही आपले काम मानले पाहिजे.

मुलींविषयी मात्र अधिक आग्रहाने लिहावेसे वाटते. त्याच जागतिक पाहणीत पुरेशी हालचाल न घडणाऱ्या मुलग्यांचे प्रमाण 78 टक्के, तर मुलींचे 85 टक्के आढळले. मिनिकॉयच्या मुबस्सिना मोहम्मद हिने 2022 साली कुवेत येथे 18 वर्षांखालील आशियाई स्पर्धेत लांब उडीचे रौप्यपदक मिळवले, तेव्हा गुणांची वाण नाही हे उघड झालेच आहे. तिच्या मागून येणाऱ्या मुलींचा पाण्यातला वावर वयाबरोबर संकोचाने आटू नये, यासाठी स्त्री-प्रशिक्षक नेमावेत, बेटाच्या रीतीस मानवेल असा पोहण्याचा पोशाख शाळेनेच पुरवावा, आणि या तासाची वेळ त्यांच्या आयांना विचारून ठरवावी.