दोन सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे, साहेब!

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. पण विषय तुमच्या घराच्या कागदांचा आहे, तेव्हा चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा.

मागच्या महिन्यात एका स्थानिक कार्यालयात गेलो होतो. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की चर्चा माणसांवर जाते आणि मुद्दा बाजूला पडतो. खिडकीवर एक ताई उभ्या होत्या. बँकेच्या कर्जासाठी त्यांना घराच्या जुन्या बांधकाम परवानगीची नक्कल हवी होती. क्लार्कने संगणकात शोधलं, तर फोल्डर रिकामा. "मध्ये सर्व्हरला प्रॉब्लेम झाला होता, त्यात काही फाइली गेल्या." मूळ कागद कुठेत? "स्कॅनिंग झाल्यावर गठ्ठे गोडाऊनला टाकले, तिथं पावसाचं पाणी शिरलं." आणि मग शेवटचं वाक्य: "तुमच्याकडे झेरॉक्स असेल तर आणून द्या, आपण रेकॉर्डला लावून घेऊ."

म्हणजे दप्तर सांभाळायचं काम आता त्या ताईंचं!

तसाच साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब एकदम शांत. म्हणाले, "आपल्याकडे क्लस्टर आहे. दोन सर्व्हर आहेत, एक बंद पडला की दुसरा चालू होतो. डेटा शंभर टक्के सेफ." मग गेलेल्या फाइलींचं काय? "त्या चुकून कोणीतरी डिलीट केल्या असतील."

इथंच सगळी गंमत आहे. मी काही इंजिनिअर नाही, पत्रकारितेचा डिप्लोमावाला माणूस. पण दोन-तीन जाणकारांना गाठलं, डोकं खाल्लं आणि समजून घेतलं. जे समजलं ते आपल्या भाषेत सांगतो.

क्लस्टर म्हणजे बैलजोडी. एक बैल बसला तर दुसरा गाडी ओढतो, काम थांबत नाही. चांगली गोष्ट आहे, हवीच. पण बैल दोन असले तरी गाडी एकच आहे ना? तुमच्या फाइली त्या गाडीत आहेत, म्हणजे दोन्ही सर्व्हर वापरतात त्या एकाच सामायिक डिस्कवर. एका सर्व्हरवरून फाइल डिलीट केली की दुसऱ्यावरूनही ती गेलीच. व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या की दोन्हीकडून कुलूपबंद. क्लस्टर काम चालू ठेवतो, गेलेलं परत आणत नाही. हे दोन वेगळे धंदे आहेत.

त्यात आजकाल हे "दोन सर्व्हर" खरे दोन असतीलच असं नाही. ती व्हर्च्युअल मशीन असतात, म्हणजे एका मोठ्या खोक्याच्या पोटात चालणारे दोन कल्पित संगणक. वेगवेगळ्या खोक्यांवर ठेवायचे असा नियम लावला नसेल, तर दोन्ही एकाच खोक्यावर चालत असू शकतात. ते खोकं जळालं की जोडीच्या जोडी गेली. बिल मात्र दोन बैलांचं.

आता खरी मेख ऐका. व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप बहुतेक ठिकाणी बाहेरून घेतात. स्नॅपशॉट काढायचा आणि त्यावरून अख्ख्या मशीनची प्रत करायची. साध्या मशीनला हे चालतं. पण क्लस्टरची सामायिक डिस्क अनेकदा या पद्धतीत बसतच नाही. व्हीएमवेअरमध्ये मशीनला अशी सामायिक डिस्क जोडलेली असेल तर स्नॅपशॉटला मान्यता नाही. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये 2012 आर2 आवृत्तीत सामायिक व्हर्च्युअल डिस्कचा बॅकअप बाहेरून होत नसे, 2016 च्या आवृत्तीत त्यासाठी वेगळा डिस्क-प्रकार आणावा लागला.

मग घाईतला ठेकेदार काय करतो? ती डिस्क बॅकअपमधून वगळतो. काम "यशस्वी" दिसतं, स्क्रीनवर हिरवी टिक येते, अहवाल फाइलला लागतो, बिल निघतं. प्रत कशाची झाली? विंडोजची. जे उद्या पुन्हा टाकता येतं त्याची. ठराव, नकाशे, परवानग्या, कराच्या नोंदी ज्या डिस्कवर आहेत ती बाहेरच राहिली. करवंटी जपून ठेवली आणि खोबरं गेलं!

याला उपाय नाही असं नाही. बॅकअपचा एजंट प्रोग्राम मशीनच्या आत, क्लस्टरच्या दोन्ही सदस्यांवर टाकायचा आणि बॅकअप फाइल सर्व्हरच्या क्लस्टर-नावाने घ्यायचा. म्हणजे डिस्क आज या मशीनकडे असो वा त्या, प्रत होतेच. एवढंच. पण हे निविदेत कोणी लिहिलं तर ठेकेदार करणार ना?

कोणी म्हणेल, भाऊ, आता क्लाऊडचा जमाना आहे. बरं. मग दक्षिण कोरियाकडे बघा. 26 सप्टेंबर 2025 ला देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांना आग लागली. 709 सरकारी प्रणाली बंद पडल्या. त्यात 'जी-ड्राइव्ह' नावाची सरकारी कर्मचाऱ्यांची क्लाऊड साठवण होती. 858 टेराबाइट डेटा, वापरणारे सुमारे सव्वा लाख कर्मचारी. बाहेर बॅकअप नव्हता. कारण काय दिलं? साठा फार मोठा आहे! आणि त्या कर्मचाऱ्यांना सांगितलेलं होतं की फाइली स्वतःच्या संगणकावर ठेवू नका, इथंच ठेवा. तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेला देश हा.

बॅकअप घेतला म्हणजे सुटलो असंही नाही. जपानच्या क्योटो विद्यापीठात डिसेंबर 2021 मध्ये बॅकअपच्या प्रोग्रामनेच फाइली पुसल्या. सुमारे 77 टेराबाइट, 3 कोटी 40 लाख फाइली, 14 संशोधन गट. पुरवठादार कंपनीने चूक जाहीर कबूल केली. आपल्याकडे अशी कबुली कोणी दिल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि आपल्याला आग नवी आहे का? 21 जून 2012 ला मंत्रालय जळालं. माणसं गेली, कागदांची राख झाली. त्यानंतर सगळीकडे एकच मंत्र सुरू झाला: डिजिटल करा. केलं. पण कागद जळू शकतो म्हणून जो डिजिटल केला, तो डिस्कवरून जाऊ शकतो हे कोणी विचारातच घेतलं नाही.

पुढचं उत्तर मला पाठ आहे: निधी नाही. अहो, स्वागत कमानीला निधी आहे, कमानीवरच्या फोटोंना आहे. जाणकारांमध्ये 3-2-1 नावाचा साधा नियम आहे. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक इमारतीबाहेर. हा नियम रूढ केला पीटर क्रोग नावाच्या एका फोटोग्राफरने, कुठल्या मंत्रालयाने नाही. फोटो जपायला माणूस एवढा विचार करतो, आणि आपण गावाचं दप्तर जपायला करत नाही. दुसरं काही जमत नसेल तर दर आठवड्याला एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क भरा, वायर काढा आणि दुसऱ्या इमारतीच्या तिजोरीत ठेवा. जोडलेली नसलेली डिस्क कुठलाही व्हायरस कुलूपबंद करू शकत नाही.

आता आपलं काम. बोंबलून उपयोग नाही, कागद मागा. माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, तीस दिवसांत उत्तर बंधनकारक. एवढंच मागा:

1. फाइल सर्व्हरच्या बॅकअपमध्ये कोणत्या डिस्क आहेत आणि कोणत्या वगळल्या आहेत, त्याच्या यादीची प्रत.
2. इमारतीबाहेरील प्रत कुठे ठेवली जाते, त्याची नोंद.
3. बॅकअपमधून फाइल प्रत्यक्ष परत आणून, उघडून पाहिल्याची शेवटची तारीख आणि अहवाल.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तीन महिन्यांपूर्वीची एक फाइल बॅकअपमधून काढा, वेगळ्या संगणकावर उघडा, किती वेळ लागला ते लिहा, सही करा. हे होत नसेल तर तो बॅकअप नाही, नुसता समज आहे. नगरसेवकांनो, सर्वसाधारण सभेत एवढा एकच अहवाल टेबलावर मागा. तो येईपर्यंत देखभालीचं बिल मंजूर करू नका.

बिचाऱ्या क्लार्कवर माझा राग नाही. त्याला जे दिलं तेच तो उघडणार. राग आहे तो हिरवी टिक बघून सही करणाऱ्यावर.

त्या ताई परवा बाजारात भेटल्या. झेरॉक्स अजून सापडली नाही, कर्जाची फाइल अडकलीय. मला म्हणाल्या, "दादा, कागद त्यांनीच दिला होता, त्यांच्याकडूनच हरवला, मग पुरावा मी कुठून आणू?"

साहेब, उत्तर द्या. मी ही पोस्ट डिलीट करणार नाही. हिचा बॅकअप आहे.