परतीचें तिकीट आणि परकी भाषा

आमच्या धायरीचीं मुलें सिंहगड रस्त्यावरील बसमध्यें तिकीट मागतांना क्षणभरही अडखळत नाहींत. तींच मुलें उद्यां विद्येसाठीं वा पोटासाठीं पोर्तुगालांत अथवा ब्राझीलांत गेलीं, तर तिकिटाच्या खिडकीपुढें त्यांची वाचा बसेल काय? हा प्रश्न आमच्यापुढें एका पत्रानें उभा केला.

पत्र आमच्या एका माजी विद्यार्थ्याचें. लिस्बनहून पोर्तो शहरीं मुलाखतीस जावयाचें म्हणून त्यास बुधवारचें तिकीट हवें होतें. पोर्तुगीज भाषेंत वारांस क्रमांक आहेत आणि 'तेर्सा' म्हणजे तिसरा, एवढें त्यास ठाऊक होतें. सोमवारपासून तिसरा वार बुधवार, असा हिशेब करून त्यानें 'तेर्सा-फैरा'चें तिकीट मागितलें. परंतु ती मोजणी रविवारपासून होते. सोमवार 'सेगुंदा' म्हणजे दुसरा, मंगळवार 'तेर्सा', बुधवार 'क्वार्ता', गुरुवार 'किंता', शुक्रवार 'सेश्ता'. शनिवार तेवढा 'साबादु' आणि रविवार 'दुमिंगु'. तारीख न पाहतां हा बुधवारीं स्टेशनावर गेला, तेव्हां त्याची गाडी आदल्या दिवशींच निघून गेली होती. दोष त्याचा आणि दुसऱ्या तिकिटाचा भुर्दंडही त्याचाच. मुलाखत गुरुवारीं होती म्हणून नोकरी हातची गेली नाहीं, इतकेंच.

कोणी म्हणेल, हातांतील फोन भाषांतर करतो, मग घोकंपट्टी कशास? फोनास विचारलें असतें तर ही चूक टळती, हें आम्हांस मान्य आहे. परंतु आपण अर्धवट ज्ञानावर विसंबलों आहों, हें ज्यास कळतच नाहीं, तो फोनास तरी कां विचारील? शिवाय नुसता प्रश्न पाठ करून भागत नाहीं. 'क्वांतु कुश्ता?' म्हणजे किंमत किती, असें विचारणारास आंकडे कळत नसतील, तर प्रश्न व्यर्थ होय. म्हणून आधीं आंकडे व वार, मग वाक्यें, असाच क्रम असावा असें आमचें मत आहे.

वाक्यें तरी किती थोडीं! 'उं बिल्येत द इदा इ व्होल्ता, पुर फावोर', म्हणजे कृपा करून जाण्यायेण्याचें एक तिकीट द्या. 'आ की ओराश पार्त उ कोंबोयु?', म्हणजे आगगाडी किती वाजतां सुटते? ब्राझीलांत मात्र 'कोंबोयु' नव्हे, 'त्रें' म्हणतात. आभार मानतांना पुरुषानें 'ओब्रिगादु' व स्त्रीनें 'ओब्रिगादा' म्हणावें. 'येतों' आणि 'येतें' यांतील भेद जाणणाऱ्या मराठी मुलास हें जड वाटूं नये.

ही भाषा आपणांस सर्वस्वी परकीही नव्हे. चावी, पगार, साबण, पाव, बटाटा, लिलाव हे शब्द तिचेच. गोव्यांत १९६१ पर्यंत तिच्यांत राज्यकारभार चाले; आज तेथील तिकिटास कोंकणी वा मराठी पुरते. आणि त्याच गोव्यांत १५७९ मध्यें आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज गृहस्थांनीं आपली भाषा इतकी आत्मसात केली, कीं १६१६ मध्यें त्यांचें 'क्रिस्तपुराण' मराठींत छापून निघालें. परक्यानें आपल्या भाषेंत पुराण रचावें आणि आपणांस त्याच्या शेजाऱ्यांचीं दहा वाक्यें जड व्हावीं, हें शोभत नाहीं.

मुलांनो, परमुलखांत पाऊल टाकण्यापूर्वीं तेथील वार मोजावयास शिका. आणि तिकीट हातीं येतांच त्यावरील तारीख वाचा.